शेळी दान करायची असेल, तर आधी काय करावं

दान म्हणून दिलेली एक चांगली गाभण शेळी गरीब घराला बरंच काही देते. लेकरांना दूध मिळतं, विकायला करडं होतात, लेंडीखत मिळतं, आणि अडीनडीला व्याजाने पैसे काढण्याऐवजी मोडता येईल असं काहीतरी दारात उभं राहतं. पण तीच शेळी चार महिन्यांत मरतेही. मग घर आधी होतं त्याहून खाली जातं, कारण मधल्या काळात चाऱ्यासाठी आणि औषधासाठी केलेली उसनवारी अंगावर राहते. एका घरात शेळी टिकते आणि दुसऱ्या घरात टिकत नाही, याचं कारण शेळीच्या जातीत क्वचितच सापडतं. ते सापडतं शेळी येण्याआधीच्या तीन महिन्यांत आणि आल्यानंतरच्या दहा महिन्यांत. म्हणून जनावर सगळ्यात शेवटी द्यायचं, आणि दिल्यावर हात काढून घ्यायचा नाही.

हा केवळ आमचा आग्रह नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ साली अत्यंत गरीब घरांसाठी एक पद्धत सुरू केली. तीत जनावर होतं, पण त्याच्यासोबत प्रशिक्षण, काही महिने घरखर्चाला आधार, बचत, आरोग्याची मदत आणि नेमाने घरी येऊन विचारपूस करणारा माणूसही होता. पुढे हीच पद्धत इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत दहा हजारांहून जास्त कुटुंबांवर तपासली गेली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मदत थांबून वर्ष उलटल्यावरही बहुतेक ठिकाणी ही घरं जास्त खात होती, त्यांच्याकडे जास्त मालमत्ता होती. होंडुरासमध्ये मात्र फायदा टिकला नाही. तिथे बऱ्याच घरांनी कोंबड्या घेतल्या होत्या आणि त्या रोगाने मेल्या. घानामध्ये काही कुटुंबांना नुसत्या शेळ्या देऊन पाहिलं, बाकी काही नाही. त्यांच्या राहणीमानात टिकणारा फरक पडला नाही.

गाय, शेळी की कोंबडी

देणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा गाय असते. चारशे किलोच्या दुभत्या गाईला रोज साधारण २५ ते ३० किलो हिरवा चारा, ५ ते ६ किलो वाळलेला चारा, दुधाप्रमाणे खुराक आणि ५० ते ८० लिटर पाणी लागतं. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या घरात हे पाणी वाहायला एक माणूस अडकतो, आणि तो माणूस जवळजवळ नेहमी बाई किंवा मुलगी असते. गाय मेली तर घराची सगळी पुंजी एका रात्रीत जाते. ज्या घराला स्वतःची थोडी जमीन आहे, पाणी जवळ आहे आणि दूध रोज घालायला जागा आहे, तिथे गाय जरूर द्यावी. बाकीच्यांना नाही.

कोंबड्या स्वस्त पडतात, २१ दिवसांत पिल्लं निघतात, अंडी घरात खाल्ली जातात. पण मानमोडीची साथ आली की लस न दिलेला अख्खा कळप दोन-चार दिवसांत संपतो. लस वेळेवर टोचणारा किंवा डोळ्यात थेंब घालणारा माणूस गावात नसेल, तर कोंबड्या देऊ नयेत.

भूमिहीन किंवा अल्पभूधारक घराला बहुधा शेळीच योग्य. ती पाला खाते, थोड्या पाण्यात भागवते, पाच महिन्यांत विते, आणि पैशाची गरज थोडी असेल तेव्हा एक करडू विकता येतं. गाईचा पाव भाग विकता येत नाही. मात्र शेळी एकटी देऊ नका. ती कळपात राहणारी जात आहे. एकटी शेळी सतत ओरडते, नीट खात नाही, दावं तोडून दुसऱ्याच्या शेतात जाते. आणि एकच असेल तर ती मेल्यावर घराकडे काहीच उरत नाही. कमीत कमी दोन द्या.

घर कसं निवडायचं

सगळ्यात गरीब घर हेच नेहमी योग्य घर असं नसतं, पण ते वगळण्याची घाईही करू नये. आधी घरात बसून रोजचं वेळापत्रक विचारा: सकाळी कामाला कोण जातं, परत कधी येतं, दुपारी घरी कोण असतं. दोन शेळ्यांना रोज दोन ते तीन तास द्यावे लागतात, चारायला नेल्या तर आणखी. ते तास कोणाचे, हे नावानिशी ठरलं पाहिजे. उत्तर 'पोरगी बघेल' असं आलं, तर तिची शाळा बुडणार हे समजून चाला आणि बांधून पाळण्याची व्यवस्था झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घरातल्या बाईला एकटीला विचारा की तिला शेळी हवी आहे का. काम तिच्याच अंगावर पडणार असतं आणि होकार बहुतेक वेळा दुसरंच कोणी देतं. शेळीची मालकी कागदावर तिच्या नावाने करा, विकण्याच्या कागदावरही तिची सही किंवा अंगठा लागेल असं ठरवा. यामुळे घरातला पुरुष दुखावेल असं वाटत असेल, तर ते बोलणं शेळी येण्याआधी दोघांसमोर झालेलं बरं.

चौकशीत कर्जाचाही प्रश्न हवा. घरावर कोणाची रोजची किंवा आठवड्याची वसुली चालू असेल, तर शेळी दारात येताच वसुलीला येणारा तिच्याकडे बोट दाखवतो. अशा घराचं आधी देणं मिटवण्याची तजवीज करा किंवा मुदत वाढवून घ्या. शेजाऱ्यांच्या पिकाला कुंपण नसेल तर मोकळ्या शेळ्यांवरून भांडणं होतात, तीही आधीच मोजा. आणि पशुवैद्य किंवा लस देणारा प्रशिक्षित कार्यकर्ता त्याच दिवशी पोहोचू शकेल एवढ्या अंतरावर आहे का ते पाहा. नसेल तर गावातल्याच दोघी-तिघींना लसीकरण, जंतनाशक आणि जखमेचं काम शिकवणं हा दानाचा पहिला हप्ता समजा.

शेळी येण्याआधीचे बारा आठवडे

पहिल्या आठवड्यात चारा लावायचा. नेपियर गवताचे दोन डोळ्यांचे ठोंब ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावले तर पहिली कापणी अडीच महिन्यांच्या आसपास येते, आणि बारा आठवडे म्हणतो ते त्यामुळेच. पाणी असेल तर दीड गुंठ्यातून दोन शेळ्यांचा जवळपास निम्मा हिरवा चारा निघू शकतो. बांधाला आणि कुंपणाला शेवगा, शेवरी, गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावा. सुबाभळीत मायमोसिन हे द्रव्य असतं. रोजच्या चाऱ्यात तिचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या पुढे गेला की केस गळायला लागतात आणि शेळी खंगते. जागाच नसेल तर चारा कुठून येणार, कोणाच्या बांधावरून, कोणत्या महिन्यांत काहीच मिळत नाही, हे महिनावार लिहून काढा. रिकाम्या महिन्यांसाठी वाळलेला चारा साठवून ठेवणं दानाच्या खर्चात धरा.

गोठ्याला पक्कं बांधकाम लागत नाही. प्रत्येक मोठ्या शेळीला एक ते सव्वा चौरस मीटर छपराखालची जागा आणि तिच्या दुप्पट मोकळं अंगण पुरतं. पण जमीन कोरडी हवी. ओल्या, लेंड्यांनी चिखल झालेल्या जमिनीवर खुरं सडतात, कासदाह होतो, करडांना हगवण आणि न्यूमोनिया होतो. पावसाचा प्रदेश असेल तर जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, दीड सेंटिमीटर फटी ठेवलेला लाकडी किंवा बांबूचा माळा करा. लेंड्या खाली पडतात, गोळा करणंही सोपं. फटी याहून मोठ्या ठेवल्या तर करडांचे पाय अडकतात. वाऱ्याच्या बाजूला आडोसा, पण वरच्या भागात हवा खेळती हवी. सगळीकडून बंद केलेल्या गोठ्यात मुताचा उग्र वास कोंडतो आणि शेळ्या खोकायला लागतात. चारा जमिनीवर टाकू नका. शेळी तुडवलेला चारा खात नाही, आणि लेंड्यांत पडलेला खाल्ला तर पोटात जंत जातात. छातीच्या उंचीवर टांगलेली जाळी किंवा गव्हाण करा.

गोठा कुटुंबाने स्वतः बांधावा, साहित्य तुम्ही द्यावं. जे घर सहा आठवड्यांत गोठा उभा करत नाही त्याला शेळी नको आहे, किंवा त्यांच्याकडे वेळ नाही, किंवा घरात आजारपण आहे. कारण काढा. शिक्षा म्हणून यादीतून नाव खोडू नका.

प्रशिक्षण वर्गात बसवून देऊ नका. ज्यांच्याकडे शेळ्या आहेत अशा घरी नेऊन हाताने करायला लावा: दात पाहणं, डोळ्याची पापणी पाहणं, खुरं कापणं, औषध पाजणं. दोन-दोन तासांच्या पाच-सहा बैठका पुरतात.

शेळी निवडताना

गर्दीच्या बाजारातून घेऊ नका. बाजारात रोग एकमेकांना लागतात, आणि लोक तिथे बहुतेक नको असलेली जनावरं आणतात. त्याच हवामानात, त्याच प्रकारच्या चाऱ्यावर वाढलेली शेळी पाळणाऱ्याच्या घरून घ्या. जास्त दुधाची परकी जात पाहून मोह होतो, पण तिला दूध द्यायला जेवढा खुराक लागतो तेवढा या घरात नसतो. खुराक कमी पडला की ती आधी आटते, मग गाभण राहत नाही.

वय दातांवरून कळतं. खालच्या जबड्यात पुढे आठ दात असतात. सगळे दुधाचे असतील तर वय वर्षाच्या आत; मधले दोन मोठे, कायमचे आले तर एक ते दीड वर्ष; चार आले तर दोनच्या आसपास; आठही बदलले तर साडेतीन-चारच्या पुढे. दोन किंवा चार दाती, एकदा व्यालेली शेळी घ्या. एकदा व्याली म्हणजे ती गाभण राहते, पिल्लू जवळ घेते आणि दूध देते, हे तिघांनाही दिसलेलं असतं: विकणाऱ्याला, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला.

कास दाबून पाहा: मऊ, दोन्ही बाजू सारख्या, गाठ नाही, सड दोनच आणि मोकळे. दूध काढून पाहा, गाठी किंवा पाणी नको. शेळीला चालवा, लंगडत असेल किंवा गुडघे सुजलेले असतील तर सोडून द्या. शेपटीखालची जागा कोरडी हवी. खालची पापणी ओढून आतला रंग पाहा: लाल किंवा गुलाबी चांगला, पांढुरका असेल तर जंतांनी रक्त शोषलेलं आहे.

गाभण शेळी द्यायची तर अडीच ते तीन महिन्यांची गाभण. याआधी गाभण असल्याची खात्री करणं अवघड, आणि शेवटच्या महिन्यात प्रवास घडवला तर गाभ पडण्याचा धोका. खरेदीआधी रक्त तपासून संसर्गजन्य गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, नाही ना ते पाहा. ही तपासणी टाळू नका. हा रोग कच्च्या दुधातून आणि पडलेल्या गाभाला हात लावल्याने माणसांना होतो, महिनोन्महिने ताप आणि सांधेदुखी राहते. गरिबाच्या घरी असा रोग दान करणं हा अन्याय आहे.

आणल्यानंतर शेळ्या तीन ते चार आठवडे वेगळ्या ठेवा, कुटुंबाकडे पाठवण्याआधीच. या काळात जंतनाशक द्या, गोचीड काढा, लसी द्या, कानाला बिल्ला मारा.

बोकडाचा विचार लोक विसरतात. शेळी व्यायल्यानंतर ती माजावर आली आणि जवळ बोकड नाही, तर महिने वाया जातात. २५ ते ३० शेळ्यांमागे एक बोकड पुरतो. तो गटाने मिळून ठेवावा, आणि दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या बोकडाशी अदलाबदल करावी. तसं केलं नाही तर तो स्वतःच्याच लेकींना भरवला जातो. करडं लहान निघतात, मरतूक वाढते.

दहा महिन्यांचा कोरडा काळ

हिशेब असा आहे. तीन महिन्यांची गाभण शेळी घरी आली. शेळीचा गाभणकाळ १५० दिवसांचा, म्हणजे ती दोन महिन्यांनी विते. दूध पहिले तीन महिने मुख्यतः करडांचं. नर करडू विकण्याजोगं व्हायला आठ महिने लागतात. म्हणजे हातात पहिला खरा पैसा येतो दहाव्या महिन्याला. तोपर्यंत चारा, औषध आणि रोजचे तास घराकडूनच जातात; मजुरी बुडते ती वेगळी.

दानाच्या शेळ्या विकल्या जातात त्या याच काळात, आणि विकणारं घर बेफिकीर नसतं. घरात कोणी आजारी पडतं, शाळेची फी येते, पावसाळ्यात काम बंद होतं. म्हणून शेळीच्या खर्चाइतकीच महत्त्वाची रक्कम घरखर्चाच्या आधाराची आहे. बुडणाऱ्या मजुरीइतका आधार, दर आठवड्याला, पहिले आठ ते दहा महिने. पैशाची सोय नसेल तर धान्य द्या. पुरेसे पैसे नसतील तर दहा घरांऐवजी पाच घरं घ्या, पण ही रक्कम कापू नका. सोबत गटात एक छोटा आजारपणाचा निधी ठेवा, ज्यातून दवाखान्याला त्याच दिवशी बिनव्याजी पैसे मिळतील. शेळी वाचवणारं सगळ्यात चांगलं औषध हा निधी आहे.

रोजचं खाणं

वजन माहीत नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८००, उत्तर किलोत. ७० सेंटिमीटर घेर आणि ६५ लांबी असेल तर साधारण साडेएकोणतीस किलो. जंतनाशकाचा डोस याच वजनावर द्यायचा असतो, अंदाजाने नाही. कमी डोस दिला तर मरायचे ते जंत मरतात आणि औषधाला दाद न देणारे उरतात.

तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण तीन किलो हिरवा चारा, अर्धा किलो वाळलेला चारा, ३ ते ५ लिटर स्वच्छ पाणी आणि १० ते १५ ग्रॅम खनिज मिश्रण लागतं. दूध देत असेल तर पाणी याहून जास्त. विण्याआधीच्या सहा आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवत रोज २०० ते २५० ग्रॅमपर्यंत न्या. पोटात दोन करडं असलेली शेळी या वेळी उपाशी राहिली तर शरीरातली चरबी वेगाने वितळते, ती खाणं सोडते, मान टाकते आणि विण्याआधीच मरते. व्यायल्यानंतर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे ३०० ते ४०० ग्रॅम खुराक धरा.

नवीन घरी आल्यावर दोन आठवडे जुन्या मालकाकडचाच चारा मिसळून द्या आणि नवा हळूहळू वाढवा. पहिल्या दिवशी घरातली माणसं, शेजारीपाजारी कौतुकाने मूठमूठ धान्य घालतात. अशा प्रेमाने शेळ्या मेल्या आहेत. एकदम खाल्लेलं धान्य पोटात आंबतं, रवंथ थांबतो, शेळी बसते ती उठत नाही. शेळी पोहोचवायला जाल तेव्हा हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. ज्वारीची कोवळी, पाण्याअभावी सुकलेली ताटंही टाळा. त्यात सायनाइडचं विष तयार होतं.

सकाळच्या दवात ओला, कोवळा, द्विदल चारा रिकाम्या पोटी खाऊ घातला तर डाव्या कुशीत पोट फुगतं. आधी वाळलेला चारा द्यायचा, मग हिरवा. फुगलंच तर शेळीला उभी करून ५० ते १०० मिलिलिटर खाद्यतेल तोंडाच्या बाजूने, थांबत थांबत पाजा. मान वर उचलून ओतू नका, तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनियाने मरते. कुशी चोळत चालवा, आणि अर्ध्या तासात फरक नसेल तर पशुवैद्याला बोलवा.

विण्याची वेळ आणि पहिले तीन दिवस

करडं सगळ्यात जास्त मरतात ती पहिल्या आठवड्यात, आणि कारणं बहुतेक साधी असतात: थंडी, चीक न मिळणं, नाळेतून शिरलेला जंतू. शेळी जोराने कळा देऊ लागल्यावर अर्ध्या तासात काहीच पुढे आलं नाही तर मदत बोलवा. ओढाताण करू नका. करडू बाहेर पडलं की नाकातोंडाचा चिकट पदार्थ पुसा, आईला चाटू द्या, नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. नाळेला शेण, राख, हळद काही लावू नका.

चीक पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे, आणि २४ तासांत करडाच्या वजनाच्या दहा टक्के. अडीच किलोच्या करडाला म्हणजे पाव लिटर, चार-पाच वेळांत विभागून. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं काहीच नसतं. ते सगळं चिकातून येतं, आणि दिवस उलटला की आतडं ते शोषून घेईनासं होतं. वार (गर्भाभोवतीचं वेष्टन) पडल्यावर चीक पाजायचा म्हणून थांबण्याची समजूत अनेक घरांत आढळते. वारेचा आणि चिकाचा काही संबंध नाही. वार बारा तासांत पडली नाही तर पशुवैद्याला दाखवा, पण हाताने ओढू नका.

पहिला महिना दूध पूर्ण करडांचं. पुढे एकच करडू असेल तर एक सड घरासाठी, एक करडासाठी. दोन असतील तर घराने थांबावं. हे सांगणं जड जातं, कारण घरातली लेकरंही दुधासाठीच वाट बघत असतात. म्हणूनच तो आठवड्याचा आधार हवा. घरी प्यायचं दूध नेहमी उकळूनच.

मारणारे रोग मोजकेच

पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य रोगात ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, मग हगवण. उपचाराने काही वाचतात, पण साथ आली की घरंच्या घरं रिकामी होतात. लस तीन-चार महिन्यांच्या वयाला एकदा दिली की साधारण तीन वर्षं टिकते. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात जंतूंचं विष तयार होणारा रोग, उलट, सगळ्यात धष्टपुष्ट करडू रात्रीत नेतो. पहिल्यांदा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, मग दरवर्षी कोवळं गवत येण्याआधी. गाभण शेळीला विण्याआधी तीन-चार आठवडे ही लस दिली तर चिकातून करडालाही संरक्षण मिळतं. लाळ्या खुरकूत आणि देवीच्या लसी भागातल्या साथीप्रमाणे पशुवैद्याच्या सल्ल्याने. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. उन्हातून खिशात आणलेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं, आणि घराला मात्र खोटी निश्चिंती.

जंतांसाठी ठरावीक तारखेला सगळ्यांना औषध देण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी पापणी पाहून फिकट असतील त्यांना द्या. पावसाळ्यात दर आठवड्याला पाहा. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबताना दिसली तर त्याच दिवशी. अल्बेंडाझोल गाभणकाळाच्या सुरुवातीला देऊ नका, गर्भात व्यंग येऊ शकतं.

काय विकायचं, काय ठेवायचं

दोन शेळ्यांच्या एका वेतात साधारण तीन करडं धरा, त्यातलं एखादं दगावेल असंही धरा. नीट खाऊ घातलं तर दोन वेतांत आठ ते दहा महिन्यांचं अंतर येतं. या हिशेबाने दोन वर्षांनी अंगणात चार-पाच माद्या, वर काही लहान करडं, दोन-तीन नर विकून झालेले आणि एक मादी पुढे दिलेली, एवढं साध्य होतं. याहून जास्त आकडा कोणी कागदावर दाखवला तर त्याने मरतूक धरलेली नसते.

नर विकायचे, माद्या ठेवायच्या, आणि चाऱ्याला झेपतील तेवढ्याच ठेवायच्या. पाच शेळ्यांच्या चाऱ्यावर आठ ठेवल्या तर आठही अर्धपोटी राहतात, आणि दूध, गाभण राहणं, करडांची वाढ सगळंच खाली येतं. विकताना वजन करून विका. उन्हाळ्यात चारा संपल्यावर सगळेच विकायला काढतात आणि भाव पडतो. नर त्याच्या आधी काढा. पहिल्या नराच्या पैशातला ठरलेला भाग बचत खात्यात जावा, हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवा. लेंडीखत पोत्यांनी मोजा. बऱ्याच घरांना या खताची किंमतच माहीत नसते आणि ते फुकट जातं.

पुढे द्यायची शेळी

मिळालेल्या जनावराची पहिली मादी दुसऱ्या गरजू घराला द्यायची, ही रीत जुनी आहे. डॅन वेस्ट या अमेरिकी शेतकऱ्याच्या कल्पनेतून १९४४ साली पहिल्या कालवडी पोर्तो रिकोला गेल्या त्या याच अटीवर, आणि रवांडात २००६ साली सुरू झालेल्या गिरिंका योजनेतही पहिली कालवड शेजारच्या गरीब घराला जाते. यामुळे दान घेणारं घर देणारं होतं, आणि त्या घराकडे गावाचं पाहणंही बदलतं.

पण अटी नीट लिहा. द्यायची मादी किमान सहा महिन्यांची, लस दिलेली, निरोगी हवी, नाहीतर सगळ्यात अशक्त करडू पुढे सरकवलं जातं. मूळ शेळी रोगाने मेली तर हे देणं माफ. ते कर्ज नाही. पहिल्या वेतात मादी झालीच नाही किंवा एकच करडू जगलं, तर दुसऱ्या वेतापर्यंत मुदत. पुढचं घर कोणतं हे आधीच ठरलेलं असावं आणि प्रशिक्षणाला दोन्ही घरं एकत्र बसावीत. ज्याला शेळी मिळणार आहे तो शेजारी मग स्वतःहून डोकावतो, ती आजारी दिसली तर सांगतो.

भेटी

पहिले दोन महिने दर आठवड्याला, मग वर्ष होईपर्यंत दर पंधरवड्याला, दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. गोठ्यात एक कार्ड टांगलेलं असावं: बिल्ल्याचा क्रमांक, लसींच्या तारखा, माज, भरवल्याची तारीख, विण्याची तारीख, करडांचं वजन, विक्री. वाचता येत नसेल तर चित्रांचं कार्ड करा. माज दर १८ ते २१ दिवसांनी येतो आणि दिवस-दीड दिवस टिकतो. शेपटी सारखी हलवणं, ओरडणं, खाणं कमी होणं ही खूण. भरवल्यावर एकवीस दिवसांनी परत माज दिसला नाही तर गाभण समजा आणि विण्याची तारीख कार्डावर लिहा.

शेळी मेली तर मृत्यूचं कारण शोधा, शक्य असेल तर शवविच्छेदन करून घ्या, आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. विमा असेल तर बिल्ल्यासकट कापलेला कान आणि पशुवैद्याचा दाखला लागतो, त्यामुळे कळवण्याआधी पुरू नका. शेळी विकली गेली असेल तर आधी ऐकून घ्या. दवाखान्यासाठी विकली असेल तर तुमचा आजारपणाचा निधी कमी पडला आहे. भांडणामुळे विकली असेल तर कुंपणाचं पाहा. नवऱ्याने परस्पर विकली असेल तर मालकीचा कागद नुसता फडताळात राहिला होता. जिथे चूक देणाऱ्याच्या बाजूची निघेल, तिथे दुसरी शेळी द्या. चोविसाव्या महिन्याच्या शेवटच्या भेटीत घरात बसून तेच वेळापत्रक पुन्हा विचारा: कोण किती तास देतं, शाळेत कोण जातं, गेल्या महिन्यात किती दिवस दूध प्यायलं, उसने किती आणले, खात्यात किती आहेत, आणि शेळ्या विकायच्या असतील तर ते कोण ठरवतं.